फ्यूज सारखा उडतोय, १० चा काढून १५ चा टाकू का?

किकवर_चालू
मंडळी, प्रश्न साधा आहे पण डोक्याला शॉट झालाय. बाईक १५० सीसी, कार्ब्युरेटरवाली, अकरा वर्षं जुनी. पंधरा दिवसांत तीनदा फ्यूज उडाला. उडाला की हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, सेल्फ, सगळे एकदम मौनव्रतात. गंमत म्हणजे किक मारली की गाडी चालू होते आणि हेडलाइटपण लागतो, त्यामुळे पहिल्यांदा मला वाटलं बॅटरीच गेली, ती काढून चार्जिंगला लावली तर ती ठणठणीत. मग साइड पॅनल उघडलं तेव्हा बॅटरीशेजारी एक छोटी काळी डबी दिसली, तिच्यात लाल रंगाचा १० चा (म्हणजे १० अँपिअरचा) फ्यूज, आतली पट्टी तुटलेली. झाकणातच स्पेअर होता तो टाकला, आठवडाभर चालला, उडाला. नवीन आणून टाकला, चार दिवसांत तोही गेला.
आता ओळखीतला एक जण म्हणतोय १५ चा निळा टाक, कटकट मिटेल. टाकू का?

टाकाऊ_टिकाऊ
टाक बिनधास्त. माझ्या गाडीत चार वर्षं १० च्या जागी १५ चा आहे. काहीही झालेलं नाही.

स्पॅनरकाका
अजिबात टाकू नकोस.
लोकांना वाटतं फ्यूज हॉर्नला नाहीतर बल्बला वाचवायला असतो. तो वायरीला वाचवायला असतो. कंपनीने वायर जेवढी जाडीची घातलीय त्या हिशेबाने १० चा ठेवलाय. करंट दीडपट झाला की वायरीतली उष्णता दीडपट नाही होत, सव्वादोनपट होते. म्हणजे १५ चा टाकलास तर फ्यूज मजेत बसून राहणार आणि वायर तापणार. आणि ती वायर काय एकटी असते का, टाकीखालून पंधरा-वीस वायरींच्या जुडग्यातून जाते, एकीचं कव्हर वितळलं की शेजारणीचंही वितळतं. वर पेट्रोल आहे हे लक्षात असू दे.

टाकाऊ_टिकाऊ
काका पण माझी गाडी जळाली नाही ना चार वर्षांत

स्पॅनरकाका
तुझ्या गाडीत अजून शॉर्ट झालेला नाही म्हणून. हेल्मेट न घालता चार वर्षं पडला नाहीस म्हणजे डोकं दगडाचं आहे असं ठरत नाही.

सोल्डरबाई
काकांना +१. थोडे आकडे मांडते म्हणजे वाद मिटेल (मिटणार नाही, माहितीये).
धागाकर्त्याच्या गाडीत त्या फ्यूजवर काय काय आहे बघा. ब्रेकलाइट २१ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअर. एका बाजूचे दोन इंडिकेटर १०-१० वॅटचे, तेही साधारण तेवढेच. हॉर्न दोन-तीन अँपिअर धरा. सेल्फचं बटण दाबलं की फक्त रिलेची (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणाऱ्या स्विचची) कॉइल या फ्यूजवरून चालते, खुद्द सेल्फची मोटर बॅटरीवरून जाड केबलने थेट घेते, तिचा या फ्यूजशी संबंध नाही. सगळं एकाच वेळी चालू केलंत तरी सात-आठच्या वर जात नाही. म्हणजे १० चा कमी पडतोय हे म्हणणंच चूक.
दुसरं, १० चा फ्यूज १० झाले की फट्कन उडतो असंही नाही. ११ अँपिअर तो तासन्‌तास खपवून घेतो. साडेतेरा गेले तर एखाद्या सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कधीही जाईल. २० गेले तर फार तर पाच सेकंद. त्यामुळे तो उडाला याचा अर्थ बराच जास्त करंट कुठेतरी गेलाय. कुठे, ते शोधा. १५ चा टाकणं म्हणजे ताप मोजून झाला की थर्मामीटर फोडणं.

बाराव्होल्ट
किक मारून चालू होते आणि हेडलाइट लागतो यात गंमत नाहीये, तुमच्या गाडीत इग्निशन आणि हेडलाइट दोन्ही मॅग्नेटवरून, म्हणजे इंजिन फिरलं की वीज बनते त्यावर चालतात, बॅटरीचा संबंध नाही. माझ्या फ्युएल इंजेक्शनवाल्या गाडीचा मेन फ्यूज गेला होता तेव्हा मीटरचा काटापण हलला नाही, ढकलली तरी चालू होईना, पंप आणि ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) करंटच नाही. जुन्या गाड्यांचं हे सुख होतं.

चिकटपट्टी
मी एकदा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज बसवला होता. पोचलो घरी.

स्पॅनरकाका
आणि मग?

चिकटपट्टी
आणि मग ती काढायची विसरलो. दोन महिन्यांनी हँडलजवळून धूर. सगळं वायरिंग नवीन टाकावं लागलं, टाकीपासून मागच्या दिव्यापर्यंत. म्हणूनच सांगतोय, करू नका. आणि तुम्ही विचारलं नसतं तर पुढचं सांगणार नव्हतो.

मराठीत_बोला
अवांतर: शाळेच्या पुस्तकात याला ‘वितळतार’ म्हणायचे. किती नेमका शब्द. तार वितळते, काम संपलं.

बाराव्होल्ट
मेकॅनिकला जाऊन सांगा ‘माझी वितळतार वितळली’. तो आधी तुमचा फ्यूज तपासेल.

मराठीत_बोला
हसा. पण ‘फ्यूज उडाला’ हेच चूक आहे, उडतो कुठे तो, जागच्या जागी वितळतो.

सोल्डरबाई
उडतोही आणि वितळतोही, आणि हा फरक कामाचा आहे. जळलेला फ्यूज फेकून देऊ नका, उजेडात धरून बघा. पट्टी मधोमध शांतपणे वितळून दोन टोकं गोल झालेली दिसली तर थोडा जास्त करंट बराच वेळ जात होता, म्हणजे काहीतरी जादा लोड, जादा दिवे वगैरे. पट्टी गायब आणि आतून प्लास्टिक काळं पडलंय, चंदेरी ठिपके उडालेत, तर थेट शॉर्ट. धागाकर्ते, तुमचे तीन कसे आहेत?

किकवर_चालू
दोन सापडले. दोन्ही आतून काळे. एकाची तर पट्टी शिल्लकच नाही.

सोल्डरबाई
मग शॉर्टच. कुठेतरी वायर बॉडीला लागतेय.

नवशिक्या_स्वार
माझा एक बाळबोध प्रश्न. फ्यूज गेलाय की नाही हे न काढता कळतं का? मला ते काढायचीच भीती वाटते, एक पाय तुटला तर?

बाराव्होल्ट
चपट्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक धातूचे ठिपके उघडे असतात, ते त्यासाठीच. चावी ऑन कर, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन आधी एका ठिपक्याला मग दुसऱ्याला. दोन्हीकडे साधारण बारा आले तर फ्यूज बरा. एकीकडे बारा आणि दुसरीकडे शून्य, गेला. दोन्हीकडे शून्य, मग करंट फ्यूजपर्यंत पोचतच नाही, भानगड अलीकडे आहे.
काढायचा असेल तर चावी बंद कर आणि सरळ वर ओढ, डावी-उजवीकडे हलवत नको. काही डब्यांत छोटा प्लास्टिकचा चिमटा असतो, नसेल तर नाकवाला पक्कड हलक्या हाताने.

क्लचताई
आणि फक्त डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस. माझ्याकडे एक फ्यूज होता, पट्टी अखंड दिसायची, पण पायाजवळ केसाएवढी चीर होती. गाडी खड्ड्यात गेली की सगळं बंद, पुढच्या खड्ड्यात परत चालू. तीन महिने मी बॅटरीच्या टर्मिनलांना शिव्या घातल्या. शेवटी काढून मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड अखंड असला की बीप वाजतो ते सेटिंग) लावला आणि हलवला तर बीप तुटक तुटक.

गंजलेला_नट
उलटंही होतं. फ्यूज शाबूत, पण ज्या खोबणीत बसतो ती सैल झालेली नाहीतर हिरवी पडलेली. तिथे तापतं, प्लास्टिक तपकिरी होतं, फ्यूजचा एक पाय काळा दिसतो. नवीन फ्यूज टाकून उपयोग नाही, खोबणी साफ करा, पकड घट्ट करा, नाहीतर डबीच बदला. धुताना साइड पॅनलवर पाण्याचा जोरदार फवारा मारणाऱ्यांना विशेष सूचना.

स्पॅनरकाका
रंगांचंही सांगून ठेवतो. ५ फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा म्हणजे पारदर्शक, ३० हिरवा. ५ आणि साडेसात रात्री टॉर्चच्या उजेडात सारखेच दिसतात, डोक्यावरचा आकडा वाचायचा. आणि साइझ बघायची, मिनी वेगळा, मोठा वेगळा. आमच्या वेळच्या गाड्यांत काचेच्या नळीचे असायचे, ते क्लिपमध्ये नीट बसले नाहीत तर थरथरीने आपोआप सुटायचे, मग भर रस्त्यात हॉर्नच्या जागी तोंडाने ओरडायचं.

टाकाऊ_टिकाऊ
ऑटोमॅटिक रिसेट होणारा सर्किट ब्रेकर मिळतो ना, फ्यूजच्या जागी बसतो. तो लावला तर परत परत बदलायला नको.

सोल्डरबाई
शॉर्ट तसाच ठेवून? तो थंड झाला की परत जोडणार, परत शॉर्टला करंट देणार, परत तुटणार. वायर दर वेळी भाजून निघणार आणि तुला कळणारही नाही. फ्यूजचा गुण हाच की तो तुला खाली उतरायला लावतो.

क्लचताई
सगळे उपाय सांगतायत, पण एक गोष्ट कोणी विचारलीच नाही. किकवर_चालू, फ्यूज उडतो कधी? चावी फिरवल्यावर, हँडल वळवल्यावर, हॉर्न दाबल्यावर, पावसात, खड्ड्यात? तिन्ही वेळा नेमकं काय करत होतात ते आठवून लिहा. चावी लावल्या लावल्या गेला असता तर शोधणं सोपं होतं. आठवडाभर टिकतोय म्हणजे वायर मधूनच कधीतरी लागतेय, आणि ते ‘कधीतरी’ काय आहे ते फक्त तुम्हालाच माहीत.

उंटावरची_शहाणी
माझा अंदाज हँडल. हेडलाइटच्या मागे वायरी वळतात तिथे घासून घासून सोलवटतात. दहातल्या आठ वेळा तिथेच.

किकवर_चालू
क्लचताई, बसून आठवलं. पहिल्यांदा सकाळी, स्पीडब्रेकर ओलांडला आणि पुढच्या वळणावर इंडिकेटर लागला नाही. दुसऱ्यांदा रात्री, तेव्हाही स्पीडब्रेकर. तिसऱ्यांदा जरा जोरात आदळली, तेव्हाही. पण एकटा असताना मी रोज तेच स्पीडब्रेकर ओलांडतो, काही होत नाही.
आणि आत्ता लिहिताना लक्षात आलं, तिन्ही वेळा बायको मागे होती.

चिकटपट्टी
सापडलं कारण. धागा बंद करा.

बाराव्होल्ट
वहिनींना १५ चा करून बघा.

किकवर_चालू
ती हा धागा वाचतेय. माझा फ्यूज उडवू नका.

मागची_सीट
मीच ती. आयडी खास यासाठी काढलाय. तीनदा भर रस्त्यात उभी राहिलेय याच्यासोबत, वर ‘तू बसलीस की होतं’ हे ऐकून घेतलंय. कारण सापडेपर्यंत मी इथून हलणार नाही.

क्लचताई
वहिनी स्वागत, आणि तुम्हीच सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहात, खरंच. दोन माणसं बसली की मागचं सस्पेन्शन दबतं, स्पीडब्रेकरवरून उतरताना अजून दबतं, चाक मडगार्डच्या जवळ जातं. म्हणजे भानगड मागे आहे. हँडल विसरा.
आता स्पीडब्रेकर आला की माणूस अजून काय करतो? ब्रेक दाबतो. ब्रेकलाइटच्या वायरीत करंट फक्त ब्रेक दाबलेला असतानाच असतो. तीच वायर सोलवटली असेल तर ब्रेक न दाबता चाक कितीही दबलं तरी काही होणार नाही, आणि एकट्याने कितीही ब्रेक दाबला तरी काही होणार नाही. दोन्ही एकाच वेळी पाहिजेत. म्हणून तर आठवडा आठवडा टिकतोय.

स्पॅनरकाका
शाब्बास पोरी.

उंटावरची_शहाणी
माझे दहातले आठ मागे घेते.

गंजलेला_नट
पण तपासणार कसं? दर वेळी एक फ्यूज जाणार.

सोल्डरबाई
फ्यूज नका वाया घालवू. बल्ब लावा. इंडिकेटर किंवा ब्रेकलाइटचा २१ वॅटचा १२ व्होल्ट बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा, आणि फ्यूज काढून त्याच्या दोन खोबण्यांत त्या दोन वायरी बसवा. आता पुढे पूर्ण शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर काही जाऊ शकत नाही. वायर सुरक्षित, फ्यूज सुरक्षित. शॉर्ट झाला की बल्ब झगझगीत पेटणार. मग सावकाश वायरी हलवत बसा. इंजिन बंद ठेवा, फक्त चावी ऑन. बल्ब बराच तापतो, सीटवर टेकवून ठेवू नका.

किकवर_चालू
लावला. चावी ऑन केली, बल्ब नाही लागला. ब्रेक दाबला तर बल्ब अर्धवट लागला, पिवळट. हाच शॉर्ट का? बायको न बसताच?

सोल्डरबाई
नाही, नाही. तो तुमच्या ब्रेकलाइटशी सिरीजमध्ये आलाय, बारा व्होल्ट दोघांत वाटले गेले, म्हणून दोघेही मंद. मागे जाऊन बघा, ब्रेकलाइटही तसाच मंद असेल. हे बरोबरच आहे. ब्रेक दाबून ठेवा आणि मागे कोणालातरी बसवा. हा बल्ब एकदम झगझगीत झाला आणि मागचा विझला, की समजा सापडलं.

मागची_सीट
कोणालातरी म्हणजे मलाच.

किकवर_चालू
मंडळी!!! सापडलं.
गाडी मेन स्टँडवरून काढून सरळ उभी धरली, मी पाय ब्रेकवर ठेवला, ही बसली. काही नाही. मग तिला म्हटलं जरा उडी मारल्यासारखं कर. तिने केलं, आणि बल्ब क्षणभर भक्कन पेटला, मागचा दिवा विझला. परत केलं, परत पेटला. शेजारचे लोक गॅलरीत आले, दोन मोठी माणसं बंद गाडीवर बसून उड्या मारतायत म्हणून.
मग खाली आडवा होऊन टॉर्चने पाहिलं. मागच्या मडगार्डच्या आतल्या अंगाला मागच्या दिव्याच्या वायरी जातात, त्या धरून ठेवणारी प्लास्टिकची क्लिप तुटलेली आणि वायरी खाली लोंबतायत. दोन जणांचं वजन पडलं की टायर त्यांना वर ढकलतो आणि वर मडगार्डच्या बोल्टचं टोक. बरोबर त्या टोकाला टेकते तिथे एका वायरीचं कव्हर फाटून तांबं दिसतंय.

मागची_सीट
थोडक्यात, मी नाही, क्लिप.

बाराव्होल्ट
वहिनी, मंडळातर्फे जाहीर माफी.

स्पॅनरकाका
आता नुसती टेप गुंडाळून सोडू नकोस, मडगार्डच्या आत चिखल-पाणी उडतं, टेपचा गोंद सुटतो आणि महिन्याभरात परत तेच. बॅटरी सोड, आधी मायनस, मग प्लस, जोडताना उलट. वायरीचा खराब तुकडा काप, तेवढ्याच जाडीचा नवीन तुकडा सोल्डर करून जोड, वर उष्णतेने आकसणारी नळी चढव. जोडायच्या आधी नळी वायरीत ओवून ठेव, सगळे नेमके हेच विसरतात. मग वायरी वरच्या बाजूने बांध, टायरपासून लांब. बोल्टचं टोक फारच बाहेर असेल तर लांबी कमी कर किंवा उलटा घाल. नंतर परत दोघं बसून बल्ब लावून एकदा बघ, आणि मगच १० चा टाक. लाल.

नवशिक्या_स्वार
बॅटरी सोडताना प्लस आधी काढलं तर काय होतं?

स्पॅनरकाका
पान्हा एका टोकाला प्लसला आणि दुसरं टोक फ्रेमला लागलं की ठिणग्या उडतात. मायनस आधी काढलेलं असलं की पान्हा कुठेही लागला तरी काही नाही. आणि बॅटरी उलटी जोडली तर बहुतेक गाड्यांत मेन फ्यूज ताबडतोब जातो, रेक्टिफायरमधून (मॅग्नेटची एसी वीज बॅटरीसाठी डीसी करणारा भाग) सरळ शॉर्ट होतो म्हणून. तो फ्यूज गेला तर नशीब समजायचं.

चिकटपट्टी
चांदी लावून बघितली असती तर

स्पॅनरकाका
तू गप्प बस.

टाकाऊ_टिकाऊ
वाचतोय सगळं. आज पॅनल उघडलं. माझी डबी एका बाजूने जरा तपकिरी झालीय. हे सांगायचं नव्हतं पण आता १० चा आणतो. दोन आणतो.

किकवर_चालू
झालं काम. वायर बदलली, नळी चढवली (एकदा विसरलो, परत उसवून जोडली, काका), बोल्ट उलटा केला. बारा दिवस झाले, रोज दोघं जातोय, तेच स्पीडब्रेकर. ठीक आहे. सगळ्यांचे आभार, क्लचताईंचे विशेष.

क्लचताई
मस्त. झाकणातल्या स्पेअरच्या जागी नवीन फ्यूज ठेवला ना?

मागची_सीट
नाही ठेवला. मी विचारलंय आत्ता.